परार्थ घडवलेली वस्तू : लंडनची टॅक्सी आणि प्रयोजनाचा प्रश्न

मनुष्याने घडवलेल्या प्रत्येक वस्तूला काही प्रयोजन असते हे विधान इतके उघड वाटते की ते प्रयोजन नेमके कोठे राहते, असे सहसा कोणी विचारत नाही. ते वस्तूच्या घटकांत राहत असेल, तर घटक बदलल्यावर ते नाहीसे व्हायला हवे. घडवणाऱ्याच्या मनात राहत असेल, तर त्याच्यामागे वस्तू निष्प्रयोजन ठरायला हवी. आणि केवळ वापरणाऱ्याच्या इच्छेत राहत असेल, तर कोणतीही वस्तू कोणत्याही कामाची म्हणता येईल आणि ‘अमुक कामासाठीच घडवलेली वस्तू’ या वर्णनाला काही अर्थ उरणार नाही. ॲरिस्टॉटलने वस्तूच्या चार कारणांमध्ये प्रयोजनाला अंतिम कारणाचे स्थान दिले. भारतीय परंपरेत सांख्यांनी, बौद्धांनी आणि सर्वांत बारकाईने पूर्वमीमांसकांनी या प्रश्नाचा विचार केला. त्यांची उदाहरणे रथाची, पलंगाची आणि यज्ञातल्या पात्रांची आहेत. तोच विचार एका अर्वाचीन वस्तूवर, म्हणजे अनोळखी माणसाला भाड्याने नेण्यासाठीच मुळापासून आरेखित केलेल्या टॅक्सीवर, लावून पाहिला असता त्याची ताकद आणि त्याच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

जगातील बहुसंख्य टॅक्सी मुळात घरगुती मोटारी असतात. रंग, मीटर आणि परवाना मिळाला की त्यांची टॅक्सी होते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे मॉरिस मार्किन यांच्या चेकर कंपनीने १९८२ पर्यंत बांधलेल्या गाड्या किंवा टोयोटाने २०१७ मध्ये जपानसाठी आणलेली उंच छपराची टॅक्सी असे अपवाद थोडेच आहेत. या अपवादांत लंडनच्या काळ्या टॅक्सीची परंपरा सर्वांत जुनी व अखंड आहे, आणि तिचे मूळ मोटारीच्याही आधीच्या घोडागाडीत आहे.

जोसेफ अलॉयशियस हॅन्सम हा व्यवसायाने वास्तुविशारद होता. बर्मिंगहॅमचे नगरभवन त्याच्या आराखड्यावरून उभे राहिले आणि त्याच कामात ठेकेदारांना जामीन राहिल्यामुळे तो दिवाळखोर झाला. पुढे त्याने इंग्लंडात अनेक कॅथलिक चर्चे बांधली. १८३४ च्या डिसेंबरात त्याने ‘सुरक्षित कॅब’ या नावाने एका दुचाकी घोडागाडीचे पेटंट घेतले. तिचे तत्त्व असे की चाके खूप मोठी ठेवायची आणि प्रवाशाची पेटी जमिनीलगत आणायची, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी वळणावर उलटत नाही. परंतु पुढे साऱ्या युरोपात आणि अमेरिकेत जी ‘हॅन्सम’ धावली तिची रचना बरीचशी हॅन्समची नव्हती. जॉन चॅपमन याने १८३६ मध्ये चालकाचे आसन पेटीच्या मागे उंचावर नेले आणि आसाची मांडणी बदलली, त्यामुळे प्रवासी आणि चालक यांचे वजन आसाच्या दोन्ही बाजूंना तोलले गेले. पेटंटाच्या हक्कापोटी ठरलेले दहा हजार पौंड हॅन्समच्या हाती कधीच पडले नाहीत. नाव एकाचे, रचना दुसऱ्याची आणि नफा तिसऱ्यांचा, अशा या वस्तूचे प्रयोजन निर्मात्याच्या मनात शोधू गेल्यास कोणाचे मन तपासायचे हेच ठरवता येत नाही.

त्या गाडीची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. प्रवासी समोरून चढत असे आणि त्याच्या गुडघ्यांपुढे दोन अर्ध्या उंचीची दारे मिटत. त्याच्यापुढे घोड्याच्या पाठीपलीकडे रस्ता मोकळा दिसे, कारण चालक मध्ये नव्हता. चालक पाठीमागे, छपराच्याही वर बसलेला असे आणि त्याच्या हातातले लगाम छपरावरील आधारातून पुढे घोड्याकडे जात. प्रवाशाला काही सांगायचे असले तर छपराला असलेली लहानशी झडप उघडावी लागे. त्याच झडपेतून वर भाडे द्यायचे आणि भाडे हाती आले की चालक आपल्या जागेवरून एक दांडा ओढून खालची दारे मोकळी करी. येथे दोन परक्या माणसांमधला संपूर्ण व्यवहार लाकडात आणि लोखंडात उतरलेला आहे. प्रवाशाला एकांत हवा, चालकाला मजुरीची हमी हवी, दोघांनाही एकमेकांशी मोजकेच बोलायचे आहे. हे सारे झडप आणि दांडा या दोन साध्या योजनांनी साधले. मित्राला किंवा घरच्या माणसाला नेणाऱ्या गाडीत या दोन्ही गोष्टींचे काहीच काम नाही. परकेपणा गृहीत धरून केलेले आरेखन असे त्याचे वर्णन करता येईल, आणि टॅक्सी या वस्तूचे वेगळेपण इथूनच सुरू होते.

मोटारीचे युग आले तेव्हा लंडनमध्ये पहिली मोटार-कॅब विजेवर चालणारी होती. वॉल्टर बर्सी याच्या या गाड्या १८९७ मध्ये रस्त्यावर आल्या आणि जड बॅटऱ्या व झिजणारे टायर यांच्या खर्चामुळे दोन वर्षांत बंद पडल्या. त्याच सुमारास जर्मनीत ब्रून याने सिद्ध केलेले, अंतर व वेळ मोजून भाडे दाखवणारे टॅक्सीमीटर हे यंत्र मोटारीला जोडले गेले. लंडनमध्ये ते १९०७ मध्ये सक्तीचे झाले. परंतु आरेखनाच्या दृष्टीने निर्णायक घटना त्याच्या एक वर्ष आधीची आहे. लंडन महानगर पोलिसांच्या सार्वजनिक वाहन कार्यालयाने १९०६ मध्ये कॅबसाठी ‘योग्यतेच्या अटी’ जाहीर केल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अट अशी की गाडीला २५ फूट, म्हणजे ७.६२ मीटर व्यासाच्या वर्तुळात पूर्ण वळता आले पाहिजे. सॅव्हॉय हॉटेलच्या पुढच्या अरुंद आवारासाठी ही अट घातली गेली अशी कथा लोकप्रिय आहे. पण हॅन्सम गाडी जवळजवळ जागच्या जागी वळत असे आणि अरुंद रस्त्यांवरचे थांबे तिच्याच सवयीने आखले गेले होते, हे लक्षात घेता यंत्राने घोड्याइतकेच चपळ असावे ही अपेक्षा त्या अटीमागे दिसते.

या एका अटीचा यंत्ररचनेवर किती खोल परिणाम झाला हे पाहण्यासाठी थोडी भूमिती आवश्यक आहे. मोटार वळताना तिची चारही चाके एकाच मध्यबिंदूभोवती फिरावी लागतात, म्हणून आतल्या बाजूचे पुढचे चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळते. आणि पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर जितके अधिक तितके तेच वर्तुळ साधण्यासाठी चाके अधिक वळवावी लागतात. लंडनच्या टॅक्सीत प्रवाशांना ऐसपैस जागा हवी असल्याने हे अंतर कमी करता येत नाही. १९५८ च्या प्रसिद्ध ऑस्टिन एफएक्स-४ मध्ये ते सुमारे २.८ मीटर होते. एवढ्या लांब गाडीला २५ फुटांत वळायचे तर आतले चाक साठ अंशांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक वळायला हवे, जे सामान्य मोटारीत चाळीस अंशांच्या आसपास थांबते. चाक इतके आडवे होणार म्हणून त्याला फिरायला मोकळी जागा द्यावी लागते, म्हणून सांगाड्याच्या पट्ट्या पुढच्या बाजूस आत घ्याव्या लागतात, म्हणून इंजिनाला अरुंद जागा उरते. आणि इतक्या कोनात वळलेल्या चाकापर्यंत फिरती शक्ती पोहोचवणे सांध्यांना झेपत नाही, म्हणून सगळ्या जगाच्या छोट्या मोटारी पुढच्या चाकांनी ओढल्या जाऊ लागल्या तरी लंडनची टॅक्सी मागच्या चाकांनीच ढकलली जात राहिली. वळणाचे वर्तुळ हा गाडीच्या कोणत्याही एका भागाचा गुणधर्म नाही. तो चाकात नाही, आसात नाही, स्टिअरिंगात नाही; तो त्या सर्वांच्या परस्परसंबंधात आहे.

हा मुद्दा भारतीय दर्शनांच्या परिचिताला लगेच मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांच्या संवादाकडे नेईल. राजा रथात बसून आला असे म्हणतो, तेव्हा नागसेन त्याला विचारतो की जू म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का. प्रत्येक वेळी नकार येतो आणि शेवटी ‘रथ’ हा त्या अवयवांवर अवलंबून केलेला केवळ व्यवहार आहे असे राजालाच कबूल करावे लागते. लंडनच्या टॅक्सीला हे विश्लेषण विलक्षण चपखल लागू पडते, कारण तिचे अवयव कधीच तिचे स्वतःचे नव्हते. एफएक्स-४ मध्ये आरंभी ऑस्टिनचे डिझेल इंजिन होते, १९८२ नंतर लँड रोव्हरचे बसवले गेले, १९८९ पासून निसानचे; १९९७ च्या टीएक्स-१ मध्ये निसानचेच राहिले, २००२ च्या टीएक्स-२ मध्ये फोर्डचे आले, २००६ च्या टीएक्स-४ मध्ये इटलीच्या व्हीएम मोटोरीचे, आणि आज कॉव्हेंट्रीजवळ बनणाऱ्या विजेच्या टॅक्सीत चाके मोटर फिरवते, तर व्होल्व्हो घराण्याचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बॅटरीसाठी वीज निर्माण करते. वर्षाला काही हजारच गाड्या विकल्या जाणाऱ्या उद्योगाला स्वतःचे इंजिन ओतणे परवडत नाही हे त्यामागचे व्यावहारिक कारण आहे. ज्या वस्तूला जगात ‘याच कामासाठी बांधलेली’ म्हणून मान आहे, तिचे हृदय प्रत्येक पिढीत दुसऱ्या कामासाठी बनलेले होते.

नागसेनाला आत्म्याचा निरास करायचा होता, म्हणून अवयवांपाशी येऊन थांबणे त्याला पुरेसे होते. हे सर्व अवयव कोणासाठी एकत्र आले, हा त्याचा प्रश्न नव्हता. तो प्रश्न सांख्यांनी विचारला. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाच्या, म्हणजे शुद्ध ज्ञात्याच्या, सिद्धीसाठी पहिली युक्ती अशी दिली आहे की अनेक भागांची जुळणी करून झालेली वस्तू, म्हणजे संघात, नेहमी दुसऱ्यासाठी असते. भाष्यकार पलंगाचे उदाहरण देतात: पाय, पाट्या आणि विणलेल्या दोऱ्या एकमेकांसाठी जुळलेल्या नाहीत, त्यांच्यावर निजणारा कोणी वेगळा आहे. या युक्तीवर बौद्ध तर्कशास्त्रज्ञांनी घेतलेला आक्षेप जुना आणि सबळ आहे: पलंग ज्याच्यासाठी आहे ते शरीरही संघातच आहे, तेव्हा या मार्गाने संघाताच्या पलीकडचा पुरुष हाती लागत नाही. तो आक्षेप मान्य केला तरी युक्तीचा पहिला अर्धा भाग, म्हणजे जुळणीचे परार्थत्व, अबाधित राहतो, आणि टॅक्सीच्या विचाराला तेवढाच पुरतो. पलंगावर कोण निजणार हे बहुधा ठाऊक असते. टॅक्सी मात्र अशा ‘दुसऱ्या’साठी जुळवलेली असते की जो अजून आलेला नाही, ज्याचे नाव, वय, जात, धर्म किंवा मुक्काम जुळवणाऱ्याला माहीत नाही आणि माहीत असण्याचे कारणही नाही.

परार्थत्वाचा हा संबंध नेमका कसा सिद्ध होतो याचे सर्वांत काटेकोर शास्त्र मात्र पूर्वमीमांसेने रचले. जैमिनीच्या सूत्रांचा तिसरा अध्याय या एकाच विषयाला वाहिलेला आहे. जे दुसऱ्यासाठी असते त्याला मीमांसक ‘शेष’ म्हणतात आणि ज्याच्यासाठी असते त्याला ‘शेषी’. अमुक वस्तू अमुक कार्याचा शेष आहे असे ठरवून देण्याला ‘विनियोग’ म्हणतात. आणि ज्या क्रियेमुळे एखादी वस्तू विशिष्ट कामाला योग्य होते त्या क्रियेला ‘संस्कार’ म्हणतात. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेल्या मीमांसाकोशामुळे ही परिभाषा महाराष्ट्रातल्या अभ्यासकांच्या सहज हाताशी आलेली आहे. ती केवळ यज्ञापुरती राखून ठेवणे हे तिच्यावर अन्याय करणारे आहे. यज्ञातला यूप, म्हणजे पशू बांधण्याचा खांब, हे तिचे उत्तम उदाहरण होय. खैराचे लाकूड आपोआप यूप नसते. ते विधिपूर्वक तोडले, तासले, त्याला तूप लावले की मग यूप सिद्ध होतो. लाकडाचे रेणू तेच राहतात, पण या संस्कारांनी त्याला एक नवी योग्यता येते. १९०६ च्या अटींना ‘योग्यतेच्या अटी’ असेच नाव होते, आणि तपासणी होऊन परवान्याची पट्टी लागेपर्यंत सर्व भागांनी पूर्ण असलेली गाडीही लंडनमध्ये टॅक्सी नसते. म्हणजे प्रयोजन घटकांत नाही, केवळ निर्मात्याच्या हेतूत नाही आणि वापरणाऱ्याच्या लहरीतही नाही. ते विधीने जोडलेल्या आणि आचरणाने टिकवलेल्या संबंधात आहे. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

इंजिनांच्या अदलाबदलीचाही उलगडा याच शास्त्रात होतो. विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी दुसरे घेता येते का, या प्रश्नाला जैमिनीने सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’च्या नावाखाली उत्तर दिले आहे. तांदूळ नसतील तर नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारे देवभात, चालते, कारण द्रव्य हे कार्यासाठी असते आणि शक्य तितके सदृश द्रव्य घेतले की कार्य मोडत नाही. परंतु देवतेला प्रतिनिधी नाही आणि ज्याच्यासाठी यज्ञ चालला आहे त्या यजमानालाही नाही. शेषाच्या जागी दुसरा शेष येऊ शकतो. शेषी बदलला तर कर्मच दुसरे होते. लँड रोव्हरच्या जागी निसान आले तेव्हा टॅक्सी तीच राहिली, याचे कारण हे. उलट १९१४ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या सुमारे सहाशे रेनॉ टॅक्सींनी काही हजार सैनिक मार्नच्या लढाईकडे पोहोचवले, तेव्हा गाड्यांचा एकही भाग बदलला नव्हता, पण त्या टॅक्सी राहिल्या नव्हत्या. त्यांचा शेषी बदलला होता. दोन दिवसांनी त्या परत टॅक्सी झाल्या.

प्रतिनिधीचे एक टोकाचे उदाहरण लंडनमध्येच घडले. २००८ पासून मर्सिडीजची व्हीटो ही सामान्य मालवाहू घराण्यातली गाडी टॅक्सी म्हणून मान्य झाली. तिला २५ फुटांत वळता येत नव्हते, म्हणून तिची मागची चाके मंद वेगात चालकाने बटण दाबल्यावर वळतील अशी योजना मुद्दाम करण्यात आली. दुसऱ्याच कामासाठी जन्मलेली वस्तू एका शंभर वर्षे जुन्या अटीपुढे आपल्या सांगाड्याशी झगडून योग्य झाली. संस्काराचे इतके ढळढळीत उदाहरण अर्वाचीन यंत्रशास्त्रात क्वचितच सापडेल.

मुंबईची परंपरा याच्या नेमकी उलट दिशेने गेली. काळी-पिवळी म्हणून जी गाडी अर्धे शतक शहराची ओळख होती ती मुळात फियाट ११०० ही इटलीतली कुटुंबवत्सल मोटार. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती बनू लागली आणि १९७० च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले, तरी चालक आणि प्रवासी तिला अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. तिच्या आरेखनात परक्याची कल्पना नव्हती. चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये काच नव्हती. पुढचे आसन सलग आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, त्यामुळे चौथा प्रवासी चालकाच्या खांद्याला खांदा लावून बसे. टॅक्सीपण तिला बाहेरून जोडलेले होते: पिवळे छप्पर, छपरावरचा लोखंडी कॅरिअर आणि डाव्या बाजूला बाहेर बसवलेले, मूठ फिरवून चालू होणारे मीटर. पुढे सीएनजी आला तेव्हा त्याची टाकी डिकीत बसली, डिकी सामानाला पुरेनाशी झाली आणि बोचकी, पेट्या, वळकट्या त्या कॅरिअरवर चढल्या. आरेखनाने जे दिले नव्हते ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी रोजच्या विनियोगाने मिळवले. शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तिच्या जागी आलेल्या गाड्याही घरगुतीच आहेत. म्हणून मुंबईची टॅक्सी लंडनच्या तुलनेत कमी अस्सल टॅक्सी ठरते का? मीमांसेच्या निकषाने ठरत नाही, कारण शेषत्व द्रव्याच्या जन्मावर अवलंबून नसते. परंतु संस्कार जितका उशिरा होतो तितका त्याचा भार कोणावर तरी पडतो, आणि मुंबईत तो पाय दुमडून बसणाऱ्या प्रवाशावर आणि दिवसाचे बारा तास त्या आसनावर काढणाऱ्या चालकावर पडला.

शेषी कोण, या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीही’ असे दिले तरी ते पुरे होत नाही, कारण या ‘कोणीही’च्या आत कोणाला मोजले आहे हे आरेखनच सांगते. लंडनच्या टॅक्सीचे छप्पर उंच ठेवले गेले ते टोपी घातलेल्या गृहस्थासाठी असे सांगितले जाते; जमीन सपाट ठेवली आणि मागच्या आसनासमोर घडीची दोन आसने बसवली ती पाच जण मावावेत म्हणून. याच उंच छपरामुळे आणि मोकळ्या जमिनीमुळे चाकाच्या खुर्चीतला माणूस खुर्चीसकट आत घेणे पुढे शक्य झाले. १९८९ च्या आरंभापासून लंडनमधील प्रत्येक नव्या टॅक्सीला आणि २००० पासून सर्वच टॅक्सींना ते बंधनकारक करण्यात आले. मीमांसकांनी अशा प्रसंगासाठीही भेद करून ठेवला आहे. तापलेल्या दुधात दही घातले की आमिक्षा, म्हणजे छेन्यासारखा घट्ट भाग, आणि वाजिन, म्हणजे निथळलेले पाणी, अशी दोन्ही निघतात. पण दही घालण्याला प्रवृत्त करणारे प्रयोजन आमिक्षाच आहे, वाजिन केवळ मागोमाग निपजलेले आहे. पहिल्याला ते ‘प्रयोजक’ म्हणतात, दुसऱ्याला ‘अनुनिष्पादी’. चाकाच्या खुर्चीची सोय ऐंशी वर्षे वाजिनासारखी होती; शक्यता म्हणून ती गाडीत पडून होती, पण तिच्यासाठी कोणी काही केले नव्हते. १९८९ च्या नियमाने तिला प्रयोजक केले, आणि मग रॅम्प आला, दार अधिक रुंद उघडू लागले, आसनांची मांडणी बदलली. त्याआधीची टॅक्सी ‘कोणासाठीही’ आहे असे म्हणणारे खोटे बोलत नव्हते. त्यांच्या ‘कोणीही’ला पायरी चढता येत होती, एवढेच त्यांच्या ध्यानात आले नव्हते. प्रयोजन विधीने सिद्ध होते म्हणूनच ते विधीने दुरुस्तही होऊ शकते, आणि हा या मताचा मोठा गुण आहे.

एक व्यक्ती मात्र या साऱ्या विचाराच्या दीर्घकाळ बाहेर राहिली. हॅन्सम गाडीत प्रवासी छपराखाली आणि चालक पावसात होता. थांब्यावर गाडी सोडून जाणे कायद्याने मना असल्याने त्याला गरम जेवणही मिळत नसे, आणि गाडी राखायला माणूस ठेवून तो दारूच्या गुत्त्यात जाई. १८७५ मध्ये लंडनमध्ये चालकांसाठी निवारे बांधण्याचा निधी स्थापन झाला आणि हिरव्या रंगाची लाकडी घरे उभी राहिली. ती सार्वजनिक रस्त्यावर असल्याने घोडा-गाडीने व्यापलेल्या जागेपेक्षा मोठी असता कामा नयेत असे बंधन होते. त्यांपैकी तेरा आजही उभी आहेत. वस्तूच्या आरेखनात ज्याला स्थान मिळाले नाही त्याच्यासाठी वस्तूच्या बाहेर, तिच्याच मापाचे घर बांधावे लागले, ही गोष्ट आरेखनाच्या इतिहासातली एक नैतिक नोंद म्हणून वाचली पाहिजे.

कांटच्या भाषेत येथे माणसाला केवळ साधन मानले गेले असे म्हणता येईल, आणि ते खरे आहे. परंतु जैमिनीचे उत्तर अधिक सूक्ष्म आहे. बादरी नावाच्या आचार्याचे मत असे होते की द्रव्य, गुण आणि संस्कार एवढेच शेष असू शकतात. जैमिनीने त्यात भर घातली: कर्मही शेष आहे, कारण ते फळासाठी असते; फळही शेष आहे, कारण ते पुरुषासाठी असते; आणि पुरुषही शेष आहे, कारण तो कर्मासाठी असतो. या वर्तुळात निखळ शेषी असा कोणी उरत नाही. टॅक्सीचा चालक फेरीसाठी आहे, फेरी मुक्कामी पोहोचण्यासाठी आहे, पोहोचणे प्रवाशासाठी आहे. पण प्रवाशानेही मुक्काम सांगायचा, भाडे द्यायचे आणि चालकाच्या कौशल्यावर विसंबायचे, म्हणजे तोही त्या कर्माचा शेष होतो. लंडनमध्ये चालकाला चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे पंचवीस हजार रस्ते मुखोद्गत असल्याची परीक्षा द्यावी लागते, आणि ही परीक्षा १८६५ पासून चालत आली आहे. हा चालकावर झालेला संस्कार आहे. गाडीच्या योग्यतेइतकीच माणसाची योग्यता टॅक्सी सिद्ध होण्यासाठी लागते.

चालकावरच्या या संस्काराच्या बरोबरीने एक निषेधही येतो. थांब्यावरच्या चालकाने ठरावीक हद्दीतले भाडे सबळ कारणाशिवाय नाकारायचे नाही, हे एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या कायद्यांनी घालून दिले. भारतात मोटार वाहन कायद्याचे १७८ वे कलम भाडे नाकारणाऱ्यास दंड सांगते. इंग्लंडमधल्या बॅरिस्टरांनी येईल त्या पक्षकाराचे वकीलपत्र घेतले पाहिजे, त्याचा अपराध कितीही तिरस्करणीय असो, या व्यावसायिक नियमाला आजही कॅबच्या थांब्याचेच नाव आहे. गाडीच्या यंत्रात हा निषेध कोठेही बसवता येत नाही. पंचवीस फुटांचे वर्तुळ पोलादाने पाळता येते. समोरच्या माणसाचा चेहरा, पोशाख किंवा वस्ती पाहून गाडी पुढे न काढणे हे फक्त माणूसच पाळू किंवा मोडू शकतो, आणि मुंबईत रात्री अकरा वाजता जवळचे भाडे सांगणाऱ्याला ते मोडलेले कसे असते हे चांगले ठाऊक असते. तेव्हा ‘कोणासाठीही’ हे प्रयोजन शेवटी त्या माणसाच्या आचरणात येऊन उभे राहते.

त्या माणसाशिवाय धावणारी टॅक्सीही आता आली आहे. झूक्स या कंपनीने २०२० च्या डिसेंबरात दाखवलेल्या गाडीला स्टिअरिंग नाही आणि पुढची-मागची बाजूही नाही; प्रवासी समोरासमोर बसतात, चारही चाके वळतात आणि गाडी दोन्ही दिशांना सारखीच धावते, त्यामुळे वळणाच्या वर्तुळाचा प्रश्नच बहुतांशी मावळला आहे. आरेखनाच्या अर्थाने ती हॅन्समनंतरची सर्वांत मुळातून विचार केलेली टॅक्सी म्हणता येईल, आणि चालकाला पावसात बसवण्याचा अन्यायही तिच्यात संभवत नाही. मीमांसेच्या दृष्टीने तिच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहते. विधी आणि निषेध ज्याला उद्देशून असतात तो ‘अधिकारी’, म्हणजे ती आज्ञा समजणारा, पाळण्यास समर्थ असलेला आणि तिच्या फळाला बांधलेला कोणी असावा लागतो. लाकडाला किंवा यज्ञपात्राला आज्ञा करता येत नाही. चालक असेपर्यंत भाडे न नाकारण्याची आज्ञा कोणाला आहे हे स्पष्ट होते. चालक गेल्यावर ती गाडीला असू शकत नाही. कोणत्या वस्तीत गाड्या पाठवायच्या, कोणत्या वेळी थांबवायच्या आणि खुर्चीतल्या माणसासाठी किती पाठवायच्या हे जे दूरच्या कार्यालयात ठरवतात त्यांच्याकडे ती जाते, आणि १९०६ च्या अटींनी गाडीची योग्यता ज्या तपशिलाने तपासली त्याच तपशिलाने या नव्या अधिकाऱ्यांचे निर्णय तपासणारे नियम ज्या शहरांत अशा गाड्या धावतात तेथे लिहावे लागतील.